घरचा कप

जे आता लिहितोय ते माझ्या बायकोला माहीत नाही, मुलीला माहीत नाही, आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्यालाही माहीत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरी सोडण्याआधीच्या शेवटच्या पंधरवड्यात, मी एका चहा चाखणाऱ्या माणसाला पटवून दिलं की त्याची जीभ गेली आहे. ती गेलेली नव्हती. दोन ओळींत मावणारी गोष्ट, पण ती लिहायला मला एकोणीस उन्हाळे लागले.

उन्हाळे म्हणतो, कारण ती वर येते ती उन्हाळ्यातच. मे महिना लागला की आमच्या हैदराबादेत आवकायचे दिवस येतात. आवकाय म्हणजे इकडचं कैरीचं लोणचं: मोहरीची पूड, लालभडक तिखट, तिळाचं तेल, आणि कोयीच्या टणक कवचासकट फोडलेली कैरी. गौलीगुड्याच्या बाजारात कैऱ्या फोडून देणारे ओळीने बसतात. लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलेलं हातभर पातं, त्याखाली कैरी सरकवायची आणि दांडा दाबायचा. खट्. बाठ्याचे दोन तुकडे, तुकड्यांचे चार. सकाळी आठला गेलात तर बाजारभर हा एकच आवाज असतो, आणि पायाखाली पांढऱ्या कोवळ्या बियांचा सडा. त्यापलीकडे ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या मुंजलांच्या, म्हणजे ताडगोळ्यांच्या हातगाड्या. बायका पिशवीतल्या फोडी फडक्याने पुसत रिक्षात बसतात. दहा वाजले की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागतं, आणि गल्लीतल्या गिरणीवर मिरची दळायला पडली की येणारा-जाणारा प्रत्येक जण शिंकतो. हिंदू, मुसलमान, पोलीस, सगळे सारखेच.

मला हे दिवस फार आवडतात. लहानपणी आमच्याकडे गुळाचं लोणचं व्हायचं. वडील मराठवाड्यातली शेती भावांवर सोडून इथे आले तेव्हा आईने गावाहून फक्त रीत आणली होती, बरणी इथेच घेतली. सुनंदा, म्हणजे माझी बायको, लग्न होऊन आली आणि शेजारच्या तेलुगू बायकांकडून दोन वर्षांत आवकाय शिकली. आता गुळाचं मागं पडलंय. तिखटाने लाल झालेले तिचे हात कोपरापर्यंत मळलेले असतात, नाकावर घाम असतो आणि ती कुणालाही स्वयंपाकघरात येऊ देत नाही. मी दारात उभा राहून वास घेतो. पोटभर बरं वाटतं. आणि नेमकं त्या बरं वाटण्याच्या मधोमध ते चहा चाखणारे नरसिंगराव उभे असतात, नाकावर ओला रुमाल बांधून.

तो रुमाल खरोखरचा होता. सुलतान बाजारच्या एका आतल्या गल्लीत आमच्या सेठजींचं चहाचं दुकान होतं. खाली काउंटर, पोती, पेट्या. वर एक खोली, तिला उत्तरेकडे मोठी खिडकी. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, चहाचा रंग खोटा दिसत नाही. त्या खिडकीखालच्या उंच स्टुलावर नरसिंगराव बसत. आसामहून, निलगिरीहून नमुने येत, ते चाखून कुठली पत्ती कशात किती मिसळायची हे ते ठरवत. शहरातल्या कितीतरी हॉटेलांचा चहा त्यांच्या जिभेवर उभा होता. आणि त्या जिभेसाठी त्यांनी कांदा सोडला होता, पान सोडलं होतं, लसूण, वेलदोडा, आणि तेलुगू माणसाने सोडणं जवळजवळ अशक्य अशी आवकाय सोडली होती. सव्वीस वर्षं. मे महिन्यात अख्खं शहर लोणच्याचा वास सोडत असताना हा माणूस घरापासून दुकानापर्यंत ओला रुमाल बांधून यायचा. वर आला की रुमाल सोडून खिडकीत वाळत टाकायचा आणि म्हणायचा, “पटेल, आज पूरी गल्ली मेरी दुश्मन है.”

आमचं आडनाव पाटील. इकडे त्याचं पटेल होतं, त्याला इलाज नाही.

मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं होतो. माझं काम मांडणी. पांढरे कप ओळीने लावायचे, प्रत्येकात सारखीच पत्ती मोजून घालायची, उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं, वाळूच्या घड्याळातली वाळू खाली गेली की गाळायचं. मग नरसिंगराव चमचा घेऊन ओळीतून जात. सुर्र करून घोट ओढायचा, गालात फिरवायचा, पितळी पिकदाणीत टाकायचा. तो सुर्र आवाज जितका मोठा तितकी चव नाकात नीट चढते. पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नव्हतं. त्यांनी न बघताच सांगितलं, “हंस लो. साल भर में तुम बी ऐसाच करिंगे.” खरं झालं. अजूनही घरात चहा पिताना मी आवाज करतो आणि मुलगी म्हणते, “बाबा, प्लीज.”

आमच्या दुकानाची एक रीत होती. रोजच्या नऊ कपांत आठ नमुने, आणि एक आमचा नेहमीचा, दुकानाच्या नावावर विकला जाणारा चहा. त्याला ‘घर’ म्हणत. तो कुठे ठेवलाय हे फक्त मांडणाऱ्याला माहीत. प्रत्येक कपाखाली एक चिठ्ठी उलटी ठेवलेली असे. आठांवर आकडे, एकीवर ‘घर’. नऊ कप चाखून झाले की नरसिंगराव एका कपावर चमचा टेकवून म्हणायचे, “ये घर.” मी कप उचलून चिठ्ठी दाखवायची. ती बरोबर आली की मगच त्या दिवशीची त्यांची मतं वहीत उतरायची. त्यांचं म्हणणं असं, “जिने अपना घर नईं पैचानता, उने दुसरों के बारे में क्या बोलेंगा?” नऊ वर्षांत मी ती चिठ्ठी एकदाही चुकलेली पाहिली नव्हती.

गंभीर काम करणारी माणसं थट्टाही गंभीरपणे करतात. आमच्या खोलीत थट्टेला खाडा नव्हता. कुणाच्या कपात मीठ, कुणाच्या चमच्याला कापूर चोळलेला. सेठजीसुद्धा सुटायचे नाहीत. मीही हात धुऊन घेतले. पण एकदा रमजानच्या आधी पाच-सहा हॉटेलवाले माल बघायला आले होते, आणि नरसिंगरावांनी सगळ्यांसमोर मला एक कप दिला. “पटेल, तुम बोलो आज.” मी फुललो. सुर्र केलं, डोळे मिटले आणि सांगितलं की चांगली पत्ती आहे, अंग आहे, दाट लागते, मागे गोडसर चव राहते. खोलीत छत उडेल असं हसू. ती एकदा उकळून टाकलेली पत्ती होती. रंगाला त्यांनी जळक्या साखरेचे दोन थेंब घातले होते. मागे राहणारी गोडसर चव ती.

त्या दिवसापासून मी ‘दुबारा’ झालो. दुबारा साब, इधर आओ. दुबारा मियाँ, पानी चढाओ. हमाल म्हणायचे, हॉटेलवाले म्हणायचे. नरसिंगरावांच्या बोलण्यात कधी विष नव्हतं, हे मी आज सांगू शकतो. ते नाव त्यांनी मुलाला लाडाने हाक मारावी तसं घेतलं. तेव्हा मला ते ऐकू आलं नाही. दिवाळीला सेठजींकडून मिठाईचा डबा घरी आला, त्यावर कुणीतरी गंमत म्हणून मोठ्या अक्षरांत ‘दुबारा साब’ लिहिलं होतं. मुलगी सहा वर्षांची, नुकतीच वाचायला लागलेली. तिने अक्षरं लावून विचारलं, “बाबा, दुबारा कोण?”

मी म्हणालो, “दुसऱ्या कुणाचा तरी डबा चुकून आपल्याकडे आलाय.”

मिठाई सगळ्यांनी खाल्ली. मी नाही खाल्ली. त्या डब्याचा राग मी दोन वर्षं सांभाळला. मी कमी बोलणारा माणूस. बोलणाऱ्याचा राग वाहून जातो, आमच्यासारख्यांचा मुरतो.

मग मला सिकंदराबादला एका मसाल्याच्या कारखान्यात नोकरी लागली. सेठजींना पंधरा दिवसांची नोटीस दिली. दिवस हेच, आवकायचे. आणि मी ठरवलं की जाताना फिट्टंफाट करून जायचं.

करायचं फार काही नव्हतंच. ‘घर’ची चिठ्ठी घरच्या कपाखाली न ठेवता दुसऱ्याच कपाखाली ठेवायची. पहिल्या दिवशी नरसिंगरावांनी चौथ्या कपावर चमचा टेकवला. “ये घर.” मी कप उचलला, चिठ्ठीवर सहाचा आकडा. सातव्याखालून ‘घर’ काढून दाखवलं. ते हसले. “घर में अचार चालू है. हवा में बी जबान जलती.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी चौथा आणि सातवा दोन-दोनदा चाखले, पाणी प्यायले, पुन्हा चाखले. मला वाटलं, आता पकडणार. त्यांनी चिठ्ठीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खिडकीबाहेर. आणि चिठ्ठीवर विश्वास ठेवला.

इथे मी थोडा थांबतो. चव सांगत होती हे घर आहे. चिठ्ठी सांगत होती नाही. सव्वीस वर्षांच्या जिभेपेक्षा त्या माणसाने माझ्या हाताला खरं मानलं, कारण नऊ वर्षांत माझ्या हाताने कधी खोटी चिठ्ठी ठेवली नव्हती. फसवलं ते मी माझ्या प्रामाणिकपणाच्या जोरावर.

अकरा दिवस मी हे केलं. मध्ये दोन दिवस चिठ्ठी खरी ठेवली, म्हणजे संशय नको. त्या दोन दिवसांत त्यांचा चेहरा उजळला होता. हे दोन दिवस मला बाकीच्या नवांपेक्षा जास्त छळतात. त्यांनी बायकोला घरात फोडणी देऊ दिली नाही. तोंड कडुनिंबाच्या पाण्याने धुतलं. डॉक्टरकडे गेले, डॉक्टर म्हणाला, वय झालं, होतं असं. पन्नाशीचे तर होते.

माझा बेत असा होता की निरोपाच्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून त्यांना भेट द्यायच्या. सगळे हसतील, त्यांना काहीतरी नाव पडेल, आणि मी दुबारा राहणार नाही. नऊ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर तारीख, खरा कप कुठला आणि दाखवला कुठला. मी नीटनेटका माणूस आहे.

निरोपाला वरच्या खोलीत चहा, उस्मानिया बिस्किटं, समोसे. पाकीट माझ्या पँटच्या खिशात. मी उठणार, तेवढ्यात सेठजी उठले. म्हणाले, आज दोघांचा निरोप आहे. नरसिंगरावांनी काल स्वतःहून सांगितलंय, जबान पे भरोसा नईं रहा, माल खराब होने से पहले हटतूँ. उद्यापासून ते खाली काउंटरवर बसतील, वर कोलकात्याहून नवा माणूस येईल.

नरसिंगराव पुढे आले. समोसा उचलला, त्यातली मिरची बोटाने काढून बाजूला ठेवली, मग थबकले, आणि तीच मिरची तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “देखो दुबारा, अब मेरे कू कोई परहेज नईं.”

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. खोली तीच होती, माणसं तीच होती, पाकीट खिशात होतं. पण सेठजींनी कोलकात्याला शब्द दिलेला होता, आणि थट्टा आता थट्टेच्या पलीकडे गेली होती, आणि मी भ्यालो. घरी गेलो. दोन दिवसांनी सुनंदाने पँट धुतली. “खिशात कसलेतरी कागद होते, लगदा झालाय,” म्हणाली. “महत्त्वाचे होते का?”

“नाही,” मी म्हणालो.

नव्या नोकरीत माझं चांगलं झालं. घर झालं, मुलगी शिकली, नोकरीला लागली. मी सुखी आहे, हे सांगायला मला कधीकधी संकोच वाटतो, पण आहे. सुलतान बाजारात मात्र त्या गल्लीत मी पुन्हा गेलो नाही. पुस्तकं घ्यायची असोत, साडी घ्यायची असो, वळसा घालायचो. सुनंदाला वाटायचं, मला गर्दी सोसत नाही.

यंदा ते स्वतःच भेटले. गौलीगुड्याला, कैऱ्या फोडणाऱ्याच्या रांगेत, माझ्या पुढे दोन माणसं सोडून. केस पूर्ण पांढरे, हातात दोन पिशव्या. मला आधी त्यांनी ओळखलं.

“अरे, दुबारा साब. किधर गायब हो गये थे जी?”

मी वाकून नमस्कार केला. एकोणीस वर्षांनी ते नाव ऐकलं आणि घरचं कुणी हाक मारावी तसं वाटलं, हे मला अपेक्षित नव्हतं. त्यांनी माझी पिशवीही स्वतःच्या हातात घेतली. “चलो, घर इधरिच है. तुमारी वदिना रोज पूछती.” वदिना म्हणजे वहिनी. ती रोज विचारत असेल हे खोटं होतं, पण ऐकायला गोड लागलं.

दोन खोल्यांचं घर, दारात तुळस, आत ताज्या तिखटाचा वास. वदिनांनी ताटात गरम भात वाढला, वर तूप, बाजूला कालच कालवलेली आवकाय. नरसिंगरावांनी भातात ती मिसळली आणि लहान मुलासारखा मोठा घास घेतला. शेजारी अख्खा कांदा फोडून ठेवलेला.

“जबान गयी सो गयी पटेल,” ते म्हणाले, “पन प्याज तो वापस आयी. छब्बीस साल का बाकी खा रौं.”

मग खाता खाता थांबले. डोळे मिटले. “मेंथी पिछले साल की है. राई बी दो दुकानों की.”

वदिना स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “डब्बे में थोडी पुरानी बची थी, डाल दी. राई कम पडी तो बाजू से ली.” आणि मला म्हणाल्या, “देखो भैया. जबान गयी बोलते, और रोज मेरी हंडी में गलती निकालते. ऊपर का काम छोडे ना, तो साल भर सुबह सुबह मेरे से कपां रखवाते थे. नौ कपां. एक में दुकान की पत्ती. रोज बराबर पैचानते थे.”

“वो तुमारे मूँ पे दिखता था,” नरसिंगराव म्हणाले. “तुम मेरे कू खुश करने कू हौ हौ बोलते थे. पटेल के सामने नईं पैचान सका ना मैं. पटेल झूट नईं बोलते.”

हातातला घास मी ताटात परत ठेवला. मी म्हणालो, “अण्णा, एक बात बोलनी थी.”

“बोलो.”

पंखा फिरत होता. वदिना दारात येऊन उभ्या होत्या, हातात तुपाची वाटी. नरसिंगराव माझ्याकडे बघत होते, अगदी साध्या, भरल्या पोटाच्या नजरेने.

“आवकाय बहोत अच्छी बनी,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या ताटात आणखी वाढायला सांगितलं. मी खाल्ली. आणि खरंच, जुनी मेथी असूनही, फार चांगली होती. दुपारभर आम्ही बसलो. सेठजी वारले, दुकान मुलाने चालवलं, उत्तरेची खिडकी आता समोरच्या इमारतीने झाकली, हे सगळं कळलं. ते काउंटरवर सुखात होते असं त्यांनीच सांगितलं. गिऱ्हाइकांशी बोलायला मिळायचं, वरच्या खोलीत तोंडात चहा असल्यामुळे बोलता यायचं नाही. मी निघालो तेव्हा त्यांनी लहान बरणी बांधून दिली. घरी आल्यावर सुनंदाने चाखली आणि जरा रुसली, कारण तिची अशी होत नाही.

तेव्हापासून मनाला एक सोयीचा विचार येऊन चिकटतो. वाटतं, बरंच झालं की. कांदा मिळाला, लोणचं मिळालं, माणूस आनंदात आहे. खरं सांगून काय मिळणार, तर एक म्हातारा रोज सकाळी उठून मागची एकोणीस वर्षं चाखत बसेल. हा विचार मी दोन-तीनदा गालात फिरवून पाहिला. आता थुंकून टाकतो. कांदा खायचा की खिडकीत बसायचं हे त्यांनी ठरवायचं होतं, आणि ते मी ठरवलं. शिवाय एक बाई वर्षभर पहाटे उठून नऊ कप मांडत होती, खरं बोलत होती, आणि माझ्यामुळे खोटी ठरत होती. तिचा हिशेब तर मला या मे महिन्यापर्यंत ठाऊकही नव्हता.

आणि हे मी मराठीत लिहितोय, यातही माझी चलाखी आहेच. नरसिंगराव मराठी वाचत नाहीत. माझी मुलगी वाचते, पण अडखळत, आणि इतकं लांब काही वाचणार नाही. सुनंदा वाचेल. तिने वाचलं की ती मला गौलीगुड्याला पाठवल्याशिवाय राहणार नाही, अशी आशा ठेवूनच लिहितोय बहुतेक.

नरसिंगरावांना मी एक गोष्ट देणं लागतो. त्यांच्या घरी, वदिनांच्या देखत, त्यांना कळेल अशा बोलीत सांगायचं: अण्णा, चौथा कप घरच था. तुमारी जबान बराबर थी, झूट मैं बोला. हे मी अजून सांगितलेलं नाही.